हिरवा कुठे संपतो

शेडताईंना रंगाबद्दल काही शिकवायला जाऊ नये, हे त्या रंगाच्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणो, फुटक्या कपाचा टवका आणो, नाहीतर "आमच्या मेव्हण्याच्या बैठकीसारखा" एवढं तोंडी वर्णन आणो, ताई पांढऱ्या बेसचा डबा उघडायच्या, त्यात रंगाचे थेंब सोडायच्या, काठीने ढवळायच्या आणि कार्डावर एक फटकारा ओढायच्या. तो केस वाळवायच्या यंत्राने सुकवायचा आणि कार्ड घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात जायचं. दिव्याखाली जुळलेला रंग त्यांच्या लेखी जुळलेलाच नसे. दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं तेव्हा मालकांना वाटलं, चला, या बाईची कटकट संपली. पण मशीन थेंबाच्या खाली उतरेना. "याला अर्धा थेंब ठाऊक नाही, आणि सगळी गंमत अर्ध्या थेंबातच असते," ताई म्हणाल्या आणि पुन्हा काठी घेऊन बसल्या. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

आणि अशा बाईच्या स्वतःच्या घरात रंगानेच घोळ घालावा, म्हणजे कमाल झाली.

घरात एक लांबलचक पॅसेज होता. एका टोकाला सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची खोली आणि दुसऱ्या टोकाला जेवणाची खोली. पॅसेज अख्खा हिरवा, अप्पांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने रंगवलेला. वरून पाणी झिरपलं, जेवणाच्या खोलीकडचा भाग फुगला आणि त्याचे पोपडे पडले. गवंडी नवा गिलावा करून गेला आणि ताईंनी जेवणाची खोली, तिच्या लगतची पॅसेजची भिंत, सगळं सायीच्या रंगाचं करून टाकलं. हिरवा जिथे संपत होता तिथे चिकटपट्टी लावून अशी सरळ रेघ साधली की नवऱ्यानेसुद्धा कौतुक केलं. एरवी त्या गृहस्थाला भिंत आहे की पडदा तेही कळत नाही.

त्या रेघेशी येऊन अप्पा थांबले.

अप्पांची आठवण गेली काही वर्षं झिजत चालली होती. सुनेला ते आता "बाई" म्हणायचे. कुठल्यातरी रंगाच्या दुकानातल्या सज्जन बाई आपल्याकडे येऊन-जाऊन असतात, अशी त्यांची समजूत होती. पण जेवायच्या वेळी आपल्या पायांनी यायचे, टेबलाशी बसायचे, मीठ मागायचे, चार शब्द बोलायचे. आता ते रेघेच्या अलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "पुढे दुसऱ्यांचं घर आहे. न विचारता कसं जायचं?" समजावून झालं, गोडीगुलाबीने झालं. हाताला धरलं की हात सोडवून घ्यायचे. शेवटी ताट त्यांच्या खोलीत जाऊ लागलं आणि अप्पा झपाट्याने मिटायला लागले. दिवसदिवस एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, काहीही करा पण त्यांना माणसांत बसवा, नाहीतर उरलंसुरलं बोलणंही जाईल.

ताईंना वाईट वाटलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. रेघ त्यांनीच मारली होती.

पहिला उपाय अर्थातच जुळवणीचा. जुना हिरवा करायचा आणि सायीवर चढवायचा. नमुना म्हणून त्यांनी पॅसेजमधल्या कपाटामागचा हिरवा खरवडला, कारण तो स्वच्छ होता. अशी चूक फक्त रंगाचा जाणकारच करू शकतो. रंग नमुन्याशी हुबेहूब जुळला, पण कपाटामागे ऊन कधी पोचलंच नव्हतं. पॅसेजमधला हिरवा उन्हाने आणि हातांनी केव्हाच दुसरा झाला होता. मग त्यांनी रेघेजवळचाच तुकडा घेतला. तो खाली जुळला, वर जुळेना. अप्पा आले, उभे राहिले आणि परत फिरले.

"सगळंच एका रंगाचं करून टाक ना," नवरा म्हणाला.

"आणि त्यांच्या दाराजवळचं?" ताई म्हणाल्या. अप्पांच्या दाराशी भिंतीवर त्यांच्या तळहाताने घासून गुळगुळीत झालेली एक जागा होती. तिला हात लावूनच त्यांना आपली खोली सापडायची. ती बुजवली तर आहे ते घरही हातचं गेलं असतं.

अशात नणंद सुट्टीला आली. ही नवऱ्याची धाकटी बहीण, लांबच्या गावी कॉलेजात गणित शिकवणारी. ताई तिला मुद्दाम जुन्या पद्धतीने वन्सं म्हणून चिडवायच्या. या खेपेला ती चिडली नाही. आल्या आल्या तिने अप्पांच्या पाया पडून "ओळखलंत का?" विचारलं होतं, आणि अप्पांनी "बसा, चहा घेऊन जा" म्हटलं होतं. तेव्हापासून तिचा एकच धोशा सुरू होता. "मागच्या सुट्टीत ओळखलं होतं ना गं? मग कधी विसरले? कुठला दिवस होता? मला कळवलं असतंत तर मी आले असते." वहिनीला विचारून झालं, भावाला विचारून झालं, शेजाऱ्यांनाही विचारून झालं.

रेघेचं प्रकरण कळल्यावर तिने पॅसेजमध्ये खुर्ची टाकली आणि भिंतीकडे बघत बसली.

"वहिनी, रंग जुळवायचाच कशाला?"

"मग काय करू, आरती ओवाळू?"

"आपल्याला रेघ नकोय, एवढंच ना? इकडे हिरवा राहू दे, तिकडे सायीचा राहू दे. मध्ये कुठे तुटायला नको. भिंतीवरच्या दोन जागा जवळजवळच्या घेतल्या, की त्यांचे रंगही जवळजवळचे निघाले पाहिजेत."

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही म्हणून ताईंनी क्षणभर नाक मुरडलं आणि लगेच ब्रश भिजवला. रेघेवर ओल्यात ओला रंग फिरवून त्यांनी वीतभर पट्ट्यात हिरव्याची साय करून दाखवली. काम झकास झालं. हिरवा अमुक ठिकाणी संपला म्हणून बोट ठेवायची सोय राहिली नाही. नणंदेने नाक भिंतीला टेकवून तपासलं. "कुठेही तुटलेलं नाही. सिद्ध!"

अप्पा आले आणि त्या वीतभर पट्ट्याच्या अलीकडे थांबले. "दुसऱ्यांचं घर," ते म्हणाले.

नणंदेचा चेहरा पडला. "तुटलेलं नाही हे खरं, पण उतार फार आहे," ती पुटपुटली. "वीतभरात सगळं बदलतं."

"तुमच्यामाझ्या डोळ्यांना चालतं ते," ताई म्हणाल्या. "दुकानात मी आधी विचारते, बाबा रे, तुला किती फरक खपेल? कोणाला थोडा चालतो, कोणाला केसभरही चालत नाही. त्यावर माझं काम ठरतं. इथे आपण गिऱ्हाइकाला विचारलंच नाही."

नणंद खुर्चीतून उठलीच. "अगं, हेच! वर्गात मी घसा फोडून हेच सांगते. आधी समोरच्याने बोलायचं, मला एवढाच फरक खपेल. मग आपण सांगायचं, तर मग एवढ्या अंतरात राहा. त्याने आणखी बारीक फरक मागितला, तर आपण आणखी जवळचं अंतर द्यायचं. तो कितीही हट्टाला पेटला तरी आपल्याकडे उत्तर असलं, तर त्याला सातत्य म्हणायचं. पण बोलायचं आधी त्याने. हा क्रम उलटा केला की सगळं गणित बिघडतं."

"म्हणजे तुमच्या गणितातही गिऱ्हाइकाचंच ऐकायचं असतं!" ताईंना याची फार मौज वाटली.

आता अप्पांना विचारायचं कसं? "हे दोन रंग सारखे आहेत का?" म्हटलं की ते ओशाळायचे आणि खिडकीकडे बघायला लागायचे. कोणी आपली परीक्षा घेतंय हे त्यांना अजून कळत होतं. मग ताईंना आठवलं, अप्पांचं सगळं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं होतं. एकेक अक्षराचा खिळा उचलायचा आणि ओळीत बसवायचा. त्यांनी एक हिरवं कार्ड, एक सायीचं आणि मधली काही रंगवून आणली आणि अप्पांच्या पलंगावर नुसती पसरून ठेवली. विचारलं काहीच नाही.

थोड्या वेळाने अप्पांचे हात आपोआप चालू लागले. हिरव्यापासून सुरुवात करून त्यांनी कार्डं ओळीने लावली. काही कार्डं एकमेकांना चिकटवून ठेवली, काहींच्या मध्ये बोटभर जागा सोडली. मग त्या रिकाम्या जागेवर अंगठा टेकवून ते ताईंना म्हणाले, "बाई, इथला एक पडलाय. शोधून आणा."

कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते. ताईंचे डोळे भरून आले आणि त्या तशाच दुकानात पळाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी त्या दोन कार्डांच्या बरोबर मधला रंग घेऊन आल्या. अप्पांनी तो जागेवर बसवला, निरखला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फट करून म्हणाले, "आता इथे आणि इथे." असं रोज चाललं. मशीन कधीच मागे पडलं होतं. ताई काठीच्या टोकावरून थेंबाचा अंश सोडत होत्या आणि मालक लांबून कपाळाला हात लावत होते.

"हे संपायचं नाही, वहिनी," नणंद एकदा म्हणाली. "कुठल्याही दोघांच्या मध्ये तिसरा असतोच. आणि अर्धा, पाव, सगळे अपूर्णांक मिसळून झाले ना, तरी मध्ये असे रंग उरतील की जे कुठल्याच अपूर्णांकात बसत नाहीत."

"मग भिंतीवर मी ब्रश फिरवते तेव्हा तिथे भोकं का पडत नाहीत?"

"कारण तुझा ब्रश डब्याडब्यांवरून उड्या मारत नाही. ओला रंग इकडून तिकडे जाताना वाटेतला एकही वगळू शकत नाही. त्याला सगळ्यांच्या दारावरून जावंच लागतं."

ताईंनी हातातला ब्रश उलटासुलटा करून पाहिला. इतकी वर्षं वापरला, पण तो एवढं सगळं करतो याची त्यांना कल्पना नव्हती.

त्याच संध्याकाळी नणंदेने अप्पांच्या ओळीतला फट नसलेला लांब भाग पाहून एक चाळा केला. पहिली दोन कार्डं उचलली. "अप्पा, हे दोन्ही एकच का?" आता परीक्षेची भीती राहिली नव्हती. "एकच," अप्पा म्हणाले. दुसरं आणि तिसरं? एकच. तिसरं आणि चौथं? "एकच गं, किती विचारशील!" अशी ती पहिल्या फटीपर्यंत गेली. मग तिने पहिलं आणि शेवटचं समोर धरलं.

"हे कुठे एक आहेत?" अप्पा वैतागले. "एक हिरवा, एक पांढुरका. डोळे आहेत ना तुला?"

नणंद एकेक कार्ड बघत मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. ताईंना आधी कळेना, मग कळलं.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही शोधताय तो दिवस नव्हताच. मी रोज त्यांच्यासमोर होते. रोज ते कालच्यासारखेच होते."

"कागदावर मी रेघ मारू शकते. या दिवसापर्यंत ओळखत होते, पुढे नाही."

"ती रेघ तुमची होईल. त्यांची नाही."

नणंद रडली, अगदी मोकळेपणाने रडली. ज्या दिवशी आपण यायला हवं होतं असं तिला वाटत होतं, तो दिवसच सापडणार नव्हता. त्याने तिचं मन हलकं झालं आणि दुखलंही. अप्पांनी तिला आपला रुमाल दिला आणि ओळ सरळ करायला घेतली.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी ओळीवरून अंगठा फिरवला आणि कुठेच फट केली नाही. "ओळ भरली," ते म्हणाले. ओळ उशीपासून पायथ्यापर्यंत गेली होती. त्यांना किती फरक खपतो ते आता कळलं होतं, आणि त्या हिशेबाने वीतभर भिंत कुठेच पुरणार नव्हती. अख्खा पॅसेज लागणार होता.

रविवारी दोघींनी कंबर कसली. दाराजवळची घासलेली जागा सोडली आणि तिच्या लगेच पुढून सुरुवात केली. एकीने डबे पुढे सरकवायचे, दुसरीने कड सुकायच्या आत ओल्यात ओला रंग ओढायचा. नवऱ्याने खिडक्या उघडल्या आणि मध्ये मध्ये सूचना केल्या, त्या कोणी ऐकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर ताटं मांडली आणि कोणीही अप्पांना हाक मारली नाही. अप्पा दारात आले. घासलेल्या जागेवर हात टेकवला आणि भिंतीचा आधार घेत निघाले. पूर्वी जिथे रेघ होती तिथे त्यांची पावलं मंदावली. अप्पांनी मागे वळून भिंत पाहिली, पुढची पाहिली, आणि थांबायला जागा न सापडलेल्या माणसासारखे चालत राहिले. टेबलाशी आले, खुर्ची ओढली, बसले. मीठ मागितलं.

नणंदेने मीठ पुढे केलं. नवरा पाण्याचा पेला हातात धरून खाली मान घालून बसला. हिरवे डाग पडलेले हात मागे लपवून ताई पॅसेजच्या तोंडाशी उभ्याच राहिल्या.

अप्पांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. सून म्हणून त्यांनी ओळखलं नाही, ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी शेजारची खुर्ची सरकवली.

"बाई, तुम्ही तिथे का थांबलात?" ते म्हणाले. "या, बसा. आपलंच घर आहे."