विंगेतून दिलेलं वाक्य

वहिनी मे महिन्यात गेली. त्यानंतर दादा तिच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. जेवायचा, अंघोळ करायचा, ओट्यावर बसायचा. भेटायला आलेल्यांना काय झालं, कसं झालं ते मीच सांगायचो.

डिसेंबरात ब्रह्मपुरीच्या कला महोत्सवात दादाची प्रकट मुलाखत ठरली. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत त्याने एकतीस हंगाम काम केलं आहे. पुतणी म्हणाली, "काका, स्टेजवर तरी बाबा आईबद्दल बोलतीन. घरी तं नाई बोलत." म्हणून काळीपिवळी जीपने मी त्याला घेऊन गेलो.

खुर्च्या दीडशे होत्या, माणसं साठ-सत्तर. मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "भाऊ, पहिली भूमिका कोणती?"

दादाने मान डावीकडे वळवली.

मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊले चहा पाजा रे, गाडी गरम नाई झाली."

लोक हसले. दादा डाव्या विंगेकडे बघत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं. सगळं पाठ कोण करणार? विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य देतो आणि नट ते उचलतो. दादा वाक्याची वाट बघत होता.

मी विंगेत जाऊन उभा राहिलो. हळूच म्हणालो, "पोलिसाची. दोनच वाक्यं होती."

"पोलिसाची." त्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "दोनच वाक्यं होती."

पुढची उत्तरंही अशीच झाली. खात्री होती तेवढंच मी दिलं. प्राध्यापक चाळीस हंगाम म्हणाले, ते दादाकडून एकतीस करून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "वहिनींनी तुमच्यासोबत कामं केली. त्यांच्याविषयी काही सांगा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. दवाखाना, तपासण्या, औषधं, मला सगळं ठाऊक होतं. त्यातलं काहीच देता येईना. शेवटी म्हणालो, "ती मे महिन्यात गेली."

"ती," दादा म्हणाला आणि थांबला, नट थांबतो तसा. "मे महिन्यात गेली."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. टाळ्या बराच वेळ वाजल्या. मला काहीच वाटलं नाही.

परतताना जीपमध्ये दादा म्हणाला, "पुढचं काऊन नाई देल्लं?"

"मले नाई सुचलं, दादा."

गावाचा फाटा आल्यावर तो म्हणाला, "तिले सारं पाठ राहे."

मी हो म्हणालो. घरी पुतणीला मी त्याचं तेवढं एकच वाक्य सांगितलं.