ताईची फुंकर, माझं पत्रक

ताई त्या शनिवारी न सांगता आली. बीबी गावच्या एसटी स्टँडवर उतरून तिनं फोन केला की गाडी घेऊन ये. मी गेले तर ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन उभी. चपलेचा पट्टा तुटलेला. रजा आहे का, विचारलं, तर नुसतं "हाव" म्हणाली आणि घरापर्यंत मागे गप्प बसून राहिली. माझी ताई गप्प बसणारी बाई नाही.

ती एका मोठ्या विमानतळावर नर्स आहे. नर्स म्हटलं की लोकांना सलाईन आठवतं. तिचं काम वेगळं. उड्डाणाआधी पायलट तिच्या खोलीत येतात, टेबलावरच्या यंत्राच्या नळीत फुंकतात, आणि पडद्यावर शून्य आलं तरच विमानाकडे जातात. थोडं चालेल, एवढ्यानं काय होतं, असलं तिथं काही नाही. शून्य म्हणजे शून्य. तिची नेमणूक एका ठेकेदार एजन्सीमार्फत आहे आणि करार दरवर्षी नव्यानं होतो. आई गावात सांगते, "पोरगी एअरपोर्टवर आहे." लोक समजतात हवाई सुंदरी. आई ते दुरुस्त करत नाही.

मी दारूबंदीचं काम करते. लोकांना वाटतं हिच्या घरात कोणी पीत असेल, म्हणून ही पेटली. तसं काही नाही. आमच्या घरात कोणी पीत नाही, बाबा तर पानसुद्धा खात नसत. मला राग येतो, एवढंच कारण. शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान आहे आणि त्याला सरकारी परवाना आहे, हे ज्याला चालतं त्याचाही राग येतो. गेलं वर्षभर आम्ही आडव्या बाटलीच्या मागे होतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. सह्या झाल्या होत्या, तहसीलच्या चकरा सुरू होत्या, आणि माझं डोकं सकाळ-संध्याकाळ पत्रकं लिहीत होतं. पत्रक लिहायला मी बारावीत असतानाच शिकले. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची कॉलर धरायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत सोडायची नाही. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

रविवारी ताई मटकी निवडत बसली. निवडलेली पुन्हा निवडली. फोन पालथा ठेवायची, वाजला की उचलून गच्चीवर जायची, खाली आली की पुन्हा ताट मांडीवर. आई म्हणाली की त्या मटकीत आता खडा सापडायचा असेल तर तो बाहेरून आणून टाकावा लागेल. ताई हसली नाही. मग चुलीपाशी, मी भाकरी थापत असताना, तिनं सांगितलं. सांगायच्या आधी बजावलं, "तुले सांगून राह्यली म्हणून ऐक. हे बाहेर जाऊ द्यायचं नाही." मी हो म्हणाले. खरंच म्हणाले.

सकाळच्या एका विमानाचा कॅप्टन. वयानं मोठा, केस पांढरे, रोज नमस्कार करून बोलणारा. त्यानं फुंकलं तर शून्य आलं नाही. नियमाप्रमाणे ताईनं त्याला बसवलं, चूळ भरायला लावली, वीस मिनिटं थांबली. दुसऱ्या वेळी फुंकायच्या आधी तिथली एक पद्धत आहे: तपासणारीनं आधी स्वतः फुंकायचं. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर. यंत्र खोटं बोलत नाही हे आधी स्वतःच्या तोंडानं दाखवायचं आणि मगच दुसऱ्याला नळी द्यायची. ताईनं फुंकलं. शून्य. वहीत वेळ लिहिली. मग कॅप्टननं फुंकलं. पहिल्यापेक्षा कमी आलं, पण शून्य नाही. रात्री घरी लग्न होतं म्हणाला. उड्डाणाआधी बारा तास थेंब घ्यायचा नाही हे त्यालाही माहीत, त्यानं घड्याळ बघूनच पेला ठेवला होता. "माझा हिशोब चुकला नाही, सिस्टर," एवढंच म्हणत राहिला. त्याच्या जागी दुसरा कॅप्टन बोलावला, विमान उशिरा उडालं.

ही गोष्ट इथं संपायला हवी होती. दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या सुपरवायझरनं ताईला बोलावलं. म्हणाला, माणूस भला आहे, निवृत्तीला आलाय, आणि यात नेमकं किती होतं, नावापुरतं. तुम्ही एवढंच लिहून द्या की चाचणीच्या आधी तुमच्या हाताला सॅनिटायझर लावलेलं होतं, त्याचा वास यंत्रानं पकडला. म्हणजे चाचणी बाद. तुम्हाला एक मेमो मिळेल, बस. नाही लिहिलं तर करार महिनाअखेर संपतोच आहे, बघू. आणि आठवडाभराची रजा घ्या, विचार करा.

मी भाकरी तव्यावर सोडून उठले. बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. ताई शांतपणे म्हणाली की सॅनिटायझर लिहायचं तर तिला तिची स्वतःची फुंकर खोटी लिहावी लागेल. हाताचा वास यंत्रानं धरला असता तर तिच्या फुंकरीतही धरला असता. ते शून्य तिच्या अक्षरात वहीत आहे. "ते मी खोडणार नाही," म्हणाली. "पण नोकरी गेली तर बाबांच्या पेन्शनवर आई चालवंल का घर, हे पण मले कळते." भाकरी करपली होती. आईनं ती उलटली.

एवढं ऐकून शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता. मी सोमवारी पत्रक लिहिलं. नाव नाही, कंपनी नाही, विमानतळ नाही, मग कुठं बाहेर गेलं, असं मी स्वतःला पटवलं. मंगळवारी दुपारी छापून आलं. वरती मोठ्या टाइपात: "झिंगलेला पायलट! दीडशे जीव हवेत!" खाली: "आपल्याच गावच्या लेकीनं त्याला पकडलं. आज तिच्यावर दबाव आहे. ती झुकणार नाही. आपण झुकणार का? आडव्या बाटलीवर शिक्का मारा." दीडशे हा आकडा मी ठोकून दिला होता. झिंगलेला हा शब्दही. पत्रकात असं चालतं.

आपल्या गावची लेक. चळवळीत हे शब्द आमच्या हातून आपोआप पडतात. कोणाची पोरगी पोलीस झाली, कोणाची तलाठी, की लगेच आपल्या गावची लेक, पत्रकावर. त्याशिवाय बाया वाचत नाहीत, आणि खरं म्हणजे त्याशिवाय आम्हालाही लिहायला मजा येत नाही. बाजारात वाटताना एका बाईनं विचारलं, "म्हंजे तुहीच ताई ना?" मी ताठ मानेनं हो म्हणाले. आमच्या मंडळातल्या काकूंनी तर पत्रकाचा फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत खाली पन्नास सलाम. मी ते मोजत बसले होते.

शेजारच्या दुसरबीड गावचा एक माणूस त्याच विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. ग्रुपवरचा फोटो फिरत फिरत त्याच्या मोबाइलवर गेला. तो तिथं आहे हे ताईला माहीत होतं, मला नव्हतं.

बुधवारी सुपरवायझरचा फोन आला. ताईनं स्पीकर लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. त्याचा आवाज जवळजवळ खुशीत होता. म्हणाला, मॅडम, आता तर सोपं झालं. तुमची बहीण दारूबंदीवाली. मतदान तोंडावर. तिच्या प्रचाराला एक पायलट पाहिजे होता, तो तुम्ही दिला. कॅप्टन चौकशीत हेच सांगणार आहेत. त्यापेक्षा सॅनिटायझर बरं, नाही का?

फोन ठेवून तिनं पत्रक मागितलं. मी आणून दिलं. तिनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"हे काऊन छापलं तू?"

मी सुरू झाले. अन्याय, दबाव, ठेकेदारी, लोकांना कळलंच पाहिजे. भाषण मला केव्हाही येतं. ती थांबली, मी संपेपर्यंत.

"झिंगलेला कुठून आणला?"

"ताई, तो पिऊन आला होता."

"तो सरळ चालत आला होता. सरळ चालत येतात म्हणून तं यंत्र लागते. झिंगत आले असते तं मले कायले ठेवलं असतं? वॉचमननंच पकडले असते." पत्रक तिनं माझ्या हातात दिलं. "मी त्याले नळी द्यायच्या आधी सोता फुंकते. रोज. तू काय फुंकून पाह्यलं हे लिहायच्या आधी?"

मी अंगणात गेले, परत आत आले, पुन्हा बाहेर. माझी ताई खरं बोलली होती आणि तिचं खरं मी माझ्या खोट्याला चिकटवून बाजारात वाटलं होतं. आता तिची वही आणि माझं पत्रक चौकशीत एकाच टेबलावर येणार होती, आणि दोन्हींकडे बघून कोणीही म्हणालं असतं की एकाच घरचा माल आहे.

गुरुवारी सकाळी तिनं मला वही-पेन घेऊन बसवलं. चौकशीत द्यायचं पत्र. ती सांगेल, मी लिहायचं. मी कोण, काय करते. रविवारी अमुक वाजता बहिणीनं घरात काय सांगितलं आणि बाहेर बोलू नको म्हणाली. मी तिला न विचारता मंगळवारी पत्रक छापलं. दीडशे हा आकडा आणि झिंगलेला हा शब्द माझे, तिनं सांगितलेले नाहीत. तिनं मला कोणताही कागद दाखवला नाही. खाली सही.

चार वेळा लिहिलं. पहिल्यात मी 'धीरोदात्त' घातला. दुसऱ्यात 'केवळ जनहितासाठी'. तिसऱ्यात एक उद्गारचिन्ह, ते कधी पडलं मला कळलंही नाही. ताई दर वेळी कागद फाडत नव्हती, नुसता बाजूला ठेवत होती, आणि म्हणत होती, "अजून एकदा." चौथा कागद इतका कोरडा झाला की मला तो माझा वाटेना. तिनं तोच घडी घालून पर्समध्ये ठेवला.

निघायच्या आधी म्हणाली की बाजारात वाटलं ते बाजारातच परत घ्यायचं. मला वाटलं फाशी दिली असती तरी चाललं असतं. काकू तर हादरल्याच. मतदानाच्या तोंडावर स्वतःची चूक कबूल करायची? दुकानवाला तेच पत्रक घेऊन दारोदार फिरेल. त्या चुकीचं बोलत नव्हत्या. तरी मी बाजाराच्या वरच्या अंगाला असलेल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर खडूनं लिहिलं की मागच्या पत्रकात पायलट झिंगलेला होता असं म्हटलं ते आणि प्रवाशांचा आकडा माझ्या मनचा होता. खाली माझं नाव घातलं. दुकानापाशी बसणारे दोघं ते वाचायला मुद्दाम वर आले. एक म्हणाला, "म्हंजे पायलट शुद्धीत होता, तं आमचं काय चुकते बे?" दुसरा म्हणाला, "अर्धी घे, हिच्या नावानं." मी खडू खिशात घालून तिथंच उभी राहिले. पुसून टाकायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू.

मेहकरच्या बसला ताईला मी बसवलं. चप्पल आईची होती, एक नंबर मोठी.

चौकशीत तिला दोनदा विचारलं की बहिणीच्या सांगण्यावरून हे केलं का. तिनं माझं पत्र दिलं आणि कॅमेऱ्यातलं चित्र बघा म्हणाली. त्यात ती फुंकताना दिसत होती. तिचं शून्य दिसत होतं. सॅनिटायझरची गोष्ट तिथंच पडली. चाचणी कायम राहिली, कॅप्टनचं लायसन तीन महिन्यांसाठी थांबलं. ताईचा करारही नव्यानं झाला, पण पायलटांच्या खोलीतून तिला काढून मागच्या गेटवर टाकलं. तिथं विमानतळाच्या आतल्या बसगाड्या आणि ट्रॅक्टर चालवणारे फुंकायला येतात. कारण कोणी लिहून दिलं नाही. ती म्हणते यंत्र तेच आहे.

आमचं मतदान अजून व्हायचं आहे, तारीख पुढं गेली. मी नवीन पत्रक लिहिते, वाचते, खोडते. काकू म्हणतात तुझ्या लिहिण्यातली जान गेली. जाऊ दे.

ताईचा फोन रोज येतो. आधी ती सगळं सांगायची. कोण पायलट गाणं म्हणत येतो, कोणाला फुंकताना खोकला येतो, कोणी तिला बायकोच्या बाळंतपणाचं विचारतं. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. काल मी विचारलं, आज काय झालं गेटवर?

"काही नाही. सगळे शून्य."

एकही अडकला नाही का, मी विचारलं. पलीकडे बसचा हॉर्न वाजला. ताई म्हणाली, "आईले फोन दे."