खंडेनवमीला बसलेलं कार्ड

आधीच सांगून टाकते — मी अंगारे-धुपाऱ्यांतली बाई नाही. लग्न होऊन पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आले तेव्हा अमुक झाडाखालून जाऊ नको, तमुक वळणावर थांबू नको, असं सांगणाऱ्या बायकांना मी हसायचे आणि मुद्दाम तिथेच थांबायचे. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. महाडला एका ऑफिसात ड्रॉइंग काढायचे, आता घरी बसून घरांचे प्लॅन आणि थ्रीडी करते. माझा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलाय, एकेक पार्ट निवडून. हे एवढं सांगतेय कारण पुढचं वाचून ‘ताई, तुम्हाला त्यातलं कळत नसेल’ असं कोणीतरी लिहिणारच.

आमच्या वाघजाईच्या देवळाचा सभामंडप नव्याने बांधायचा होता. दर पावसात डोंगराचं पाणी थेट मंडपात यायचं. मुंबईकर मंडळाचे शांतारामकाका तिकडच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडून रंगीत चित्र घेऊन आले होते... चकचकीत फरशी, काचेचे दिवे, बिल्डिंगच्या खालच्या लॉबीसारखं. मी पण एक प्लॅन केला होता. पाणी मागच्या मागे वळवणारं गटार, आणि म्हाताऱ्या माणसांना चढता येतील अशा बेताच्या पायऱ्या. आधीच्या मीटिंगला तो कागदावर दाखवला तर काकांनी कागद उलटासुलटा फिरवून विचारलं, “सुनबाय, ह्या रेघांत देऊळ कुठं हाय?” सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन भांडी आपटली.

म्हणून ठरवलं, यावेळी थ्रीडीच दाखवायचं. पाखाडीच्या दगडी पायवाटेने चालत आल्यासारखं देऊळ टीव्हीवर फिरवून दाखवायचं. दसऱ्याला सगळे मुंबईकर गावात असतात, त्यामुळे मीटिंग नवमीला सकाळी, आमच्या ओटीवर ठरली, कारण टीव्ही आमचाच मोठा. काम कोणाला द्यायचं ते त्याच दिवशी ठरणार होतं. गावकीच्या बैठकीत आजवर एकाही बाईला काम मिळालं नव्हतं. बायका आतल्या दारात उभ्या राहून ऐकायच्या, एवढंच.

आणि त्या सकाळी मी बटण दाबलं तर पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डचे पंखेसुद्धा गरगरले... मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’.

कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल, इथून पुढे एक ठरलेला उद्योग असतो. केबल बदलली. रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवली. कार्ड काढलं, त्याची सोनेरी कड पुसली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं. पॉवरची वायर दाबून पाहिली. बोर्डावरचा सेल काढून परत घातला. मॉनिटर सोडून थेट ओटीवरच्या टीव्हीला जोडलं. काही नाही. तुम्ही म्हणाल, व्हिडिओ करून मोबाईलवर घेऊन ठेवायला काय झालं होतं? बरोबर आहे. पण आदल्या संध्याकाळीच मी पायऱ्या बदलल्या होत्या आणि आमच्या वाडीतली लाइट तेवढ्यात गेली होती.

महाडच्या स्टँडजवळ समीरचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, कार्ड गेलं. तुमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे का?”

नव्हतं. कार्ड आहेच म्हणून मी बिनग्राफिक्सचा प्रोसेसर घेतला होता. अशा मशीनमध्ये बोर्डाच्या मागे जो डिस्प्लेचा पोर्ट असतो तो नुसता शोभेचा. त्यातून चित्र येत नाही, येऊच शकत नाही.

“मग दसऱ्यानंतर घेऊन या,” समीर म्हणाला.

ओटीवर चपलांचे आवाज यायला लागले. नवरा चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करत मला खुणा करत होता, झालं का, झालं का. मी कॅबिनेट उघडं टाकून खाली बसले होते, आणि लपवत नाही, रडत होते.

माजघरातच देवापुढे सासूबाईंनी पाट मांडला होता. खंडेनवमी ना. कोयता, कुदळ, करवत, त्यांची स्वतःची विळी, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून ठेवलेलं. आमच्या घरात त्या दिवशी हत्यार वापरत नाहीत. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात.

“काय झालं गो?” त्यांनी विचारलं.

“मेलं हे,” मी हातातलं कार्ड दाखवलं.

त्यांनी ते नीट न्याहाळलं. “ह्यावरच तुझं काम चालतं?”

“ह्याच्यावरच.”

“मग ते कशाला चालंल आज? कोयता बसलाय, कुदळ बसलीय, आणि तुझंच तेवढं एकट्यानं राबायचं? दे हिकडं.”

मी वैतागून म्हटलं, “घ्या. ह्यालाही बसवा.” त्यांनी खरंच ते पदराने पुसलं, विळीशेजारी ठेवलं, कव्हरवर हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि वर झेंडूचं फूल. एरवी कार्डाला हळद लागलेली पाहून मी किंचाळले असते. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे.

मग टीव्हीची केबल लोंबकळत होती ती त्यांनी उचलली. “कोणीतरी अडकून पडंल,” म्हणत कॅबिनेटच्या मागे जिथे बसली तिथे खोचली. त्या शोभेच्या पोर्टात. “आता लाव बटण. त्याला बसू दे. बाकीची करतील काम.”

बटण मी दाबलं ते केवळ त्यांना दाखवायला, की बघा, काही होत नाही.

ओटीवरून नवऱ्याचा आवाज आला, “अगं, आलं!”

मला वाटलं कोणी पाहुणे आले. दारात जाऊन बघते तर टीव्हीवर माझा डेस्कटॉप. माझ्या मुलीचा फोटो, खाली सगळे आयकॉन. आणि मागे वळून पाहिलं तर कॅबिनेट उघडं, कार्डाची जागा रिकामी, कार्ड पाटावर फुलाखाली.

विचार करायला वेळ नव्हता. कीबोर्ड-माऊस ओढून मी उंबऱ्यातच बसले. उंबऱ्यात बसू नये म्हणतात. फाइल उघडली. पाखाडी चढत गेले, वळले, समोर देऊळ. कार्ड असताना अडखळणारं थ्रीडी त्या दिवशी नुसतं लोण्यासारखं फिरत होतं.

“अरं, हा आपला देवळाजवळचा फणस,” ओटीवरून तात्या म्हणाले. गावकीतले सगळ्यात वडीलधारे. “शांतारामच्या चित्रात फणसच नव्हता.”

“डोंगराचं पानी कुठनं जाईल?” शांतारामकाकांनी विचारलं. मी देऊळ मागून फिरवून गटार दाखवलं. त्यांनी पायऱ्या विचारल्या, खांब विचारले, मी एकेक उत्तर देत गेले. बोलता बोलता कधी उभी राहिले ते कळलंही नाही. माझ्या मागे दारात सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या.

शेवटी काकांनी स्वतःचं रंगीत चित्र गुंडाळून ठेवलं. “देऊळ दिसलं,” एवढंच म्हणाले. काम मला मिळालं. मला इतका आनंद आयुष्यात फार कमी वेळा झालाय.

दसऱ्याला पूजा उतरवल्यावर सासूबाईंनी कार्ड माझ्या हातात दिलं. लावलं, आणि पहिल्या झटक्यात डिस्प्ले. अजून तेच चालतंय. पुसल्याने उशिरा सुधारलं असेल, मान्य. पण तो पोर्ट? कार्ड काढून मी त्यात केबल कितीदा तरी लावून पाहिली, कायम ‘नो सिग्नल’. समीरने स्वतः उघडून प्रोसेसर तपासला. “मॅडम, ह्यातनं चित्र येणं शक्यच नाय.” नवऱ्याने त्या सकाळी काढलेला फोटो मी त्याला दाखवला — पाटावर कार्ड, मागे रिकाम्या स्लॉटचं कॅबिनेट, आणि दारातून दिसणाऱ्या टीव्हीवर देऊळ. त्याने तो मोठा करकरून पाहिला आणि मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मंडप मेअखेर झाला. फणस जागेवर आहे. यंदाच्या पावसात आत थेंब आला नाही.

या खंडेनवमीला मी स्वतःहून कार्ड काढून पाटावर ठेवलं, फूल वाहिलं, आणि हळूच केबल त्या पोर्टात लावून बटण दाबलं. नो सिग्नल. सासूबाई विळी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आज तुझं काय अडलंय गो?”

मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यांच्याशेजारी झेंडू ओवायला बसले.