सासऱ्यांना सांगायचं राहिलं

हे आईलाही ठाऊक नाही. तुला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही. लोक म्हणतात, पोरगी लाजाळू आहे. मला ते फार सोयीचं पडलं.

मी नागपूरच्या एका मानसोपचार दवाखान्यात समुपदेशक आहे. काही गोळ्यांमुळे उभं राहताच रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पेशंटना शिकवायचं — आधी उठून बसा, पाय हलवा, मग उभं राहा. घाई नको. सोपं आहे ना?

उमरेडच्या सुनंदाताईंनी ते माझ्यासमोर नीट करून दाखवलं. मग हसल्या. "घरी कसं जमन, मॅडम? मामाजी आले का उठाच लागते. अशी हळूहळू उठली तर म्हणतीन, सून महाराणी झाली!" मामाजी म्हणजे सासरे. "तुमीच सांगा ना त्याइले. माह्यं कोन आयकते?"

मी म्हटलं, सांगते.

ते बाहेरच उभे होते. धोतर, करडा चेहरा, खणखणीत आवाज. माझं मराठी इंग्रजी शाळेतलं — मोठ्या माणसांपुढे अडखळतं. ते हसले तर? 'मले शिकवतं का' म्हणाले तर? मी दारापर्यंत गेले, आणि... पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढच्या खेपेला सुनंदाताईंच्या कपाळाला टाके होते. घरी तांदूळ निवडत बसल्या होत्या, सासरे आत आले, त्या ताडकन उठल्या आणि चौकटीवर आपटल्या. डॉक्टरांनी मला विचारलं — घरच्यांना समजावलं होतं ना?

मी हो म्हटलं.

सुनंदाताई समोरच होत्या. माझ्याकडे पाहत राहिल्या. आता बोलतील, मला वाटलं. "माह्यंच चुकलं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ध्यानात नाई राह्यलं." भीतीनं? की मला सांभाळून घ्यायला? विचारायची हिंमत मला झाली नाही. घरी सगळं माहीत आहे असं समजून डॉक्टरांनीही सासऱ्यांना आत बोलावलं नाही. खोटं माझ्यापाशी थांबलं नाही, बघ.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच सासरे दारात आले. "चाल बाई, बस निघून जाईन."

त्या झटक्यात उभ्या राहिल्या. भिंत धरली. मी हातभर अंतरावर होते.

तेव्हाही मी पुढच्या पेशंटलाच हाक मारली.