संगणकात न उतरलेलं नाक

सांगलीच्या मार्केट यार्डात अल्लाबक्ष यांनी चौतीस वर्षं हळद पारखली. सौद्याआधी ते हळकुंड मोडायचे, आतला रंग बघायचे, नाकाशी न्यायचे आणि एकच शब्द बोलायचे: 'पहिली', 'दुसरी' किंवा 'कुबट'. व्यापारी त्यावर बोली लावत. पुन्हा कुणी विचारत नसे.

मागच्या हंगामात पुण्यात संगणकाचं काम करणारा त्यांचा भाचा झिशान म्हणाला, "मामू, तुमच्यानंतर हे सगळं जाईल. तुमचं मनच संगणकात उतरवून ठेवू."

हमालांचा मुकादम नाथाजी शेजारीच होता. "मन डबड्यात गेल्यावर च्या कोण पिणार रं गड्या? तू का डबडं?"

झिशाननं कॅमेरा बसवला. प्रत्येक ढिगाचा फोटो, पोत्यावरची चिठ्ठी आणि मामूंचा शब्द तीन महिने यंत्रात जात राहिला. मे महिन्यात यंत्र स्वतः निवाडा देऊ लागलं. शंभरात नव्वद वेळा मामूंसारखाच.

"आता तू मेलास तरी यार्ड बंद पडत न्हाई," नाथाजी म्हणाला. अल्लाबक्ष हसले.

तपासणी करताना झिशान मात्र चक्रावला. संध्याकाळी घरी त्यानं मामूंपुढे लॅपटॉप ठेवला. हळकुंड एकच, फोटो एकच. चिठ्ठीवरचं गाव बदललं की शब्द बदलत होता. नदीकाठच्या एका गावाचं नाव घातलं की यंत्र 'कुबट' म्हणे.

"हे हळद बघतच नाही, मामू. चिठ्ठी वाचतंय. तुम्ही तर वास घेऊन सांगत होता ना?"

अल्लाबक्ष यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोरोनाच्या पहिल्या वर्षी वास गेला. परत आलाच नाही."

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. जेवताना 'फोडणी झकास झालीय' म्हणत राहिले. यार्डात हळकुंड नाकाशी नेत राहिले आणि शब्द चिठ्ठी बघून ठरवत राहिले. त्या गावाची हळद २०१९च्या पुरानंतर खरोखर कुबट निघाली होती. तीच त्यांच्या डोक्यात बसली होती.

"म्हणजे मन बरोबर उतरलंय," झिशान म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता.

त्याच गावच्या लीलाबाई दरवर्षी स्वतः हळद घेऊन येत. चार हंगाम त्यांनी 'कुबट' ऐकलं होतं. आदल्या वर्षी म्हणाल्या होत्या, "आवं, फरशीवर वाळवलीया, पत्र्याखाली ठेवलीया. कुबट कशी हुईल?"

"नाक खोटं बोलत नाही, बाई," अल्लाबक्ष यांनी ऐकवलं होतं.

त्या आठवड्यात लीलाबाईंचा ढीग पुन्हा सौद्याला लागला. अल्लाबक्ष यांनी हळकुंड मोडलं. नाकाशी नेलं नाही. सगळ्या व्यापाऱ्यांसमोर लीलाबाईंच्या हातात दिलं.

"तुम्हीच वास घ्या, बाई. मला पाच वर्षं झाली, वास येत नाही."

सौदा थांबला.

लीलाबाईंनी वास घेतला नाही. "मग चार वर्सं मला काय सांगत हुता?"

अल्लाबक्ष बाजूला सरकले. एका व्यापाऱ्यानं पुढे होऊन दुसरं हळकुंड मोडलं, हुंगलं आणि म्हणाला, "पहिली."

लीलाबाईंनी हातातलं हळकुंड ढिगात टाकलं.

"ते मला घरीच ठावं हुतं," त्या म्हणाल्या.