दुपारी बाहेर जाणारी मांजर

आमच्या शाळेतली एक नवीन शिक्षिका परवा मला विचारत होती, "मॅडम, आमच्याकडे एक मांजर यायला लागलीय, पाळावी म्हणते. घरातच ठेवू की बाहेर सोडू? तुमच्याकडे आहे ना मांजर?" सल्ला द्यायची संधी मी एरवी सोडत नाही. कुणी विचारलं नाही तरी देते, अशी माझी शाळेत ख्याती आहे. त्या दिवशी मात्र मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "ती अजून कुणाच्या घरी जाते का, ते आधी बघ." तिला वाटलं, तिने कुणाची मांजर पळवली असा मला संशय आहे.

माझी मांजर माझ्या एकटीची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. मागच्या गल्लीत एक म्हातारी बाई खाटेवर पडून होती आणि रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसणारं कुणीतरी मी बंद केलं. मुद्दाम नाही, पण केलं मीच. याचं मला वाईट वाटतं आणि ते अजून गेलेलं नाही.

मांजर डाळमिलमधली. आमचे हे तिथे देखरेखीला आहेत. मिलमध्ये उंदरांसाठी मांजरं लागतात. त्यांना कुणी पाळत नाही आणि कुणी हाकलतही नाही. एकदा पोत्यांच्या थप्पीमागे पिल्लं झाली, त्यातलं एक भुरं-पांढरं पिल्लू ह्यांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. अंगाला तुरीची चुनी, म्हणजे डाळीची भुकटी, लागलेली, डोळे चिकटलेले. सासूबाई म्हणाल्या, "हाई काय आनं? घरमा मानसं कमी शेत का?" चारच दिवसांत ते पिल्लू त्यांच्या गोधडीत झोपायला लागलं आणि त्यांच्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून खायला लागलं. नाव काही ठेवलं नाही. माऊ म्हटलं की यायची, आणि मनात नसलं तर कोणत्याही नावाने आली नसती.

जळगावात आमचं घर रो-हाऊसच्या ओळीत आहे. पुढे रस्ता, मागे अरुंद गल्ली. त्या गल्लीच्या पलीकडच्या घरांची तोंडं दुसऱ्या रस्त्याला, त्यामुळे आमची त्यांची पाठीला पाठ. ओळखदेख काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत, जाळी नव्हती. माऊ मोठी झाली तशी त्या गजांतून भिंतीवर आणि भिंतीवरून मागच्या गल्लीत जायला लागली. माझी शाळा सकाळची. मी घरी यायचे, आम्ही जेवायचो, भांडी विसळून होईपर्यंत ती ओट्यावर बसून अंग चाटायची आणि मग जायची. दिवेलागणीला परत. येऊन दाराच्या चौकटीला हनुवटी घासायची, माझ्या पायाला घासायची, मग सासूबाईंच्या. मांजर असं करते तेव्हा ती आपला वास आपल्या वस्तूंना लावत असते, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. तिच्या आपल्या वस्तू नेमक्या किती आहेत, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

खुणा मात्र होत्या. संध्याकाळी ती दुधाला तोंड लावायची नाही, तरी पोट गोल. अंगाला बामचा वास यायचा. आमच्याकडे बाम कुणी लावत नाही, सासूबाईंना त्याने शिंका येतात. एकदा कुत्र्याने तिचा कान फाडला. मी हळद घेऊन बसले तर कानाला हळद आधीच लावलेली. मला वाटलं सासूबाईंनी लावली, आणि त्यांना वाटलं मी. आम्ही दोघी एकमेकींवर खूश झालो. असे प्रसंग आमच्यात फारसे येत नाहीत, त्यामुळे मी खोलात गेले नाही.

मग दिवाळीनंतरच्या अमावस्येला ती घरी आली ती गळ्यात काळा दोरा घालून. दोऱ्याला बिब्बा ओवलेला, गाठ अगदी नीट मारलेली. सासूबाईंनी बघितलं आणि हातातली जपमाळ खाली ठेवली. "कोनी तरी उतारा धाडेल शे," त्या म्हणाल्या. म्हणजे कुणीतरी आपल्या घरातलं दुखणं उतरवून मांजराच्या गळ्यात बांधलं आणि आमच्या घरी पाठवून दिलं. त्याच आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला होता. त्यांच्या दृष्टीने सगळं स्पष्ट होतं. "कापी टाक ते. आनि हिले बाहेर जाऊ देऊ नको."

आता मी विज्ञान शिकवते. लिंबू-मिरची, उतारा, करणी यावर दरवर्षी वर्गात तास घेते, पालकांची बोलणीही खाल्लेली आहेत. मी हसायला हवं होतं. बिब्बा आमच्याकडे लहान मुलांच्या आणि वासरांच्या गळ्यात बांधतात, नजर लागू नये म्हणून बांधतात, हे मला आणि सासूबाईंना दोघींनाही ठाऊक होतं. पण दोरा दुसऱ्याने बांधला की त्याचा अर्थ बदलतो. आपण बांधला तर माया आणि लोकांनी बांधला तर करणी. मी कात्री आणली आणि दोरा कापला. सासूबाईंनी तो तिठ्यावर टाकून यायला लावला, तोही टाकून आले.

भीतीने कापला असं म्हणणार नाही. मला राग आला होता. आमच्या मांजराला कुणीतरी आपली समजून दोरा बांधतं म्हणजे काय? दूध आमचं, इंजेक्शनं आम्ही द्यायची, आणि लाड भलत्याच घरी. हा राग कुणाला सांगण्यासारखा नव्हता, म्हणून मी दुसरी कारणं काढली. ती भरपूर होती आणि खरीही होती. मागच्या रस्त्याला वाळूचे डंपर येतात. कुत्र्यांची टोळी आहे. लोक उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकतात. पुण्याहून लेक कधीपासून फोनवर सांगत होती, "आई, मांजर घरातच ठेवायची असते, बाहेरच्या मांजरी लवकर मरतात." ती चुकीचं सांगत नव्हती. म्हणून तर मला स्वतःची समजूत घालणं इतकं सोपं गेलं. आठवडाभरात खिडकीला जाळी बसली, डॉक्टरकडे नेऊन तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशनही करून आणलं.

पहिले काही आठवडे घरात राहवत नव्हतं. दुपारी आमची जेवणं झाली की ती ओट्यावर उभी राहायची आणि जाळीवर नखं मारायची. आवाज असा काढायची की शेजारीण विचारून गेली, मांजर आजारी आहे का. शेपटी आपटायची, माझा हात लागला तर चावायची. मी तिच्यासाठी बाजारातून पिसांचा झुलता चेंडू आणला, पोत्याची किंतानं खुर्चीच्या पायाला गुंडाळून दिली. तिने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग हळूहळू ओरडणं कमी झालं. संक्रांतीच्या सुमाराला थांबलं. जेवणं झाली की ती आपली फ्रीजवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी लेकीला फोटो पाठवला, "रुळली बघ." गप्प बसलेला समाधानी आहे असं मी वर्गातही आयुष्यभर धरून चालले. तेही किती वेळा चुकलं असेल, देव जाणे.

वैशाखात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण घेऊन चक्कीवर गेले होते. वीज नव्हती, बायका डबे मांडून बसल्या होत्या. माझ्या पुढची बाई दुसरीला सांगत होती. तिची सासू बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. नवरा पाइपच्या कंपनीत, ही दुपारी शिवणाच्या क्लासला. "दुपारभर एकट्याच असतात. पण एक मांजर यायची, भुरी-पांढरी. रोजच्या रोज, घड्याळ लावल्यासारखी. पायाशी बसून राहायची, मग मलाही घोर नसायचा. दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. कुत्र्यांनी खाल्ली असेल. पण सासूबाई ऐकत नाहीत. अजून दुपारी हाका मारतात तिला."

मी तिच्या पाठीमागे उभी होते. एवढंच म्हणायचं होतं की ती मांजर माझ्याकडे आहे, जिवंत आहे. पण दोऱ्याचं काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत राहिलं. वीज आली, चक्की सुरू झाली आणि मग बोलायची सोयही राहिली नाही. मी दळण घेऊन घरी आले.

घरी येऊन पहिल्यांदा जाळी काढली. सासूबाईंना सांगितलं काय झालं ते. त्या म्हणाल्या, "मना मुळे व्हयनं हाई." मी म्हटलं, कात्री माझ्या हातात होती. दुपारी माऊला उचलून खिडकीत ठेवलं. तिने गजांतून नाक बाहेर काढलं, मिशा हलवल्या. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. एक रिक्षा वाजली तशी ती मागे फिरली आणि फ्रीजवर जाऊन बसली. पुढे रोज खिडकी उघडी ठेवली. रोज मी दुपारी स्वयंपाकघरातून मुद्दाम निघून जायचे, म्हणजे मी बघत नसताना तरी ती जाईल. ती गेली नाही. जी वाट ती झोपेतही चालली असती, ती आता तिच्या लेखी राहिली नव्हती.

शेवटी चक्कीवाल्याकडून त्या बाईचं घर विचारून घेतलं आणि मीच माऊला चेनच्या पिशवीत घालून निघाले. मागच्या गल्लीतून दोन मिनिटांची वाट, पण मी पुढच्या रस्त्याने वळसा घालून गेले, कारण भिंतीवरून जायची सोय तिला होती, मला नाही. त्या रस्त्यावर सगळी दारं-खिडक्या बंद, कूलरचे आवाज तेवढे येत होते. आमच्याकडे वैशाखात दुपारी दार उघडं टाकणारा माणूस वेडाच समजला जातो. एकच दार अर्धं उघडं होतं आणि उंबऱ्याला वीट लावून ठेवली होती, दार वाऱ्याने मिटू नये म्हणून. सून घरीच होती, क्लासला सुट्टी लागली होती. मी कोण, पिशवीत काय आहे, ते सांगितलं. "म्हणून तर दार उघडं," ती म्हणाली. "झळा येतात, कूलरचा काही उपयोग होत नाही, दोनदा ताप येऊन गेला त्यांना. पण लावू देत नाहीत. म्हणतात, ती येईल आणि दार बंद बघून परत जाईल."

तिच्या सासूबाई, अक्का, खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. खोलीला बामचा वास येत होता. मी पिशवीची चेन उघडली. मला वाटलं होतं, माऊ ती जागा ओळखेल, निदान तो वास तरी ओळखेल. मनातल्या मनात मी ते दृश्य बघूनही ठेवलं होतं. ती थरथरत बाहेर आली, अंग जमिनीला टेकवून, डोळे मोठे करून. अक्कांनी हात पुढे केला, "ये माय, ये." तिने फिस्कारून त्या हातावर नख मारलं आणि पेटीच्या मागे जाऊन दडली. सुनेने पदराने रक्त पुसलं. थोडंसंच होतं.

"भ्याई गयी ती," अक्का म्हणाल्या. मला रागावल्या नाहीत. हात छातीशी धरून पेटीकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "गळामा दोरा व्हता ना तिना? कुत्रानी कान फाडा व्हता, म्हनीसन बांधा मी."

"तुटला असेल कुठेतरी," मी म्हटलं. खोटं इतकं पटकन आलं की माझी मलाच लाज वाटली.

"तुटाले नको व्हता. गाठ पक्की मारेल व्हती," त्या म्हणाल्या.

सुनेने चहा ठेवला. मी सांगत राहिले की मी रोज तिला घेऊन येईन, हळूहळू तिला सवय होईल, मांजरांना वेळ लागतो, जबरदस्ती करायची नसते. सल्ले देण्यात मी पटाईत आहेच. अक्का माझं सगळं ऐकून घेत होत्या. मी पिशवी जमिनीवर आडवी ठेवली होती. तेवढ्यात माऊ पेटीमागून निघाली, खाटेच्या दुसऱ्या बाजूने भिंतीला चिकटून आली आणि आपण होऊन पिशवीत शिरली. आत जाऊन अंगाची गुंडाळी करून बसली. तिला घरी जायचं होतं.

अक्का हसल्या. खरंच हसल्या. "ली जाय तिले. उन्हाना पारे तठेच बरी शे ती, घरमा. मी इतला दिन समजू, मरी गयी व्हई. पन कोनले सांगं नही. जित्ती शे, बस."

मी पिशवी उचलली. माफ करा म्हणायला हवं होतं, पण मी नुसती चेन लावली आणि निघाले. उंबऱ्यापाशी चपला घालत होते तेव्हा आतून त्यांनी सुनेला हाक मारली.

"आते दार लाई दे व माय," त्या म्हणाल्या.

सुनेने पायाने वीट सरकवली आणि माझ्या मागे दार लावून घेतलं.