काजमावशीची उलटी चढण

तर शेवटी गाडीचा क्लच निघाला तो पाण्याने. हातोडीने नाही, पान्याने नाही, आणि मिस्त्रीच्या तोंडून सकाळपासून जे शब्द निघत होते त्यांनी तर नाहीच नाही. मिस्त्रीने क्लचच्या मधल्या भोकात काठोकाठ पाणी भरलं, बोल्टाच्या आट्यांवर नळवाले लावतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि बोल्ट आत पिळला. पाण्याला दाबून लहान होणं माहीतच नाही. त्याला वाट मिळाली नाही की ते समोरच्याला हलवतं. 'ठक्' असा आवाज झाला आणि वीस वर्षं इंजिनाच्या दांड्याला मिठी मारून बसलेला क्लच थेट मिस्त्रीच्या मांडीत येऊन पडला. मिस्त्री कमरेपर्यंत भिजला, पण चेहरा असा की जणू त्याला मुलगाच झाला.

मावशी हसली नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार होता. सोमवारी सकाळी अकरा वाजता तिचं दुकान जाणार होतं.

मावशी म्हणजे मिस्त्रीची बायको. शिवणकाम करायची, आणि हाताने काजं अशी करायची की बटण आत जाताना कुरकुर करत नसे, म्हणून सगळा रस्ता तिला काजमावशी म्हणायचा. दुकान वर मोठ्या रस्त्याला, चार पावलं रुंद. घर मात्र खाली खड्ड्यात. खड्डाच तो. जुन्या पंपघराच्या दोन खोल्या, समोर दगडी भिंत, आणि बाहेर पडायला एकच वाट, दीडशे पावलांची, अशी चढाची की धडधाकट माणूसही मधल्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. वाट एवढी अरुंद की रिक्षा खाली येत नाही, आली तर वळत नाही.

सात महिन्यांपूर्वी मावशी मोरीत घसरली आणि खुबा मोडला. आत लोखंडी सळई घातली. डॉक्टरांनी सांगितलं, घरात वॉकर धरून हिंडा, पण तो चढ विसरा. दवाखान्यातून तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं तेव्हा वळणावर एकाचा पाय सरकला आणि खुर्ची होडीसारखी कलली. त्या दिवशी तिने शपथ घेतली. चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, म्हणाली, ते मी आधी वापरून टाकणार नाही.

तेव्हापासून तिचं जग म्हणजे एक खिडकी. खिडकीतून दगडी भिंत दिसायची, आणि भिंतीच्या वरच्या काठावरून जाणाऱ्या लोकांचे फक्त पाय. चेहरे नाहीतच. पण तिला चेहऱ्यांची गरज नव्हती. पँटीची खालची दुमड बघून ती ओळखायची, हा पोस्टमन, ही कोपऱ्यावरची नर्स. एखाद्या दिवशी परक्या हाताची दुमड दिसायची, टाके मोठे, दोरा जुळत नाही. मग तिचं जेवणात लक्ष लागत नसे.

आता गाडीचं. मिस्त्रीने गोल्फच्या मैदानावर तीस वर्षं काढली. साहेबलोकांना या खड्ड्यापासून त्या खड्ड्यापर्यंत फिरवणाऱ्या ज्या छोट्या बुटक्या गाड्या असतात, त्यांचा हा वैद्य. पुढे बॅटरीवरच्या गाड्या आल्या आणि मिस्त्री निवृत्त झाला. बाकीच्यांना निरोपाला घड्याळ मिळालं, याला तेल-पेट्रोल मिसळून चालणारी एक जुनी गाडी मिळाली, तीही बंद. नळ्यांचा, पत्र्यांचा आणि आठवणींचा ढीग. ती गाडी त्या वाटेत मावत होती, एवढाच तिचा गुण. मिस्त्री म्हणाला, हिलाच उभी करतो, रोज तुला वर सोडतो.

दोन दिवसांचं काम, असं म्हणाला होता.

इंजिनाला चार महिने लागले. सिलिंडर आतून झिजून अंडाकृती झाला होता, तो बोअर करून, म्हणजे आतून पुन्हा गोल कापून आणला. नवा पिस्टन, नव्या रिंगा, दोन्ही बाजूंची सीलं. सगळं घरात. पिस्टन तिच्या कापड कापायच्या टेबलावर, रिंगा तिच्या सुयांच्या डबीत, आणि गाळलेलं पेट्रोल ज्या भांड्यात होतं त्याबद्दल न बोललेलं बरं. मिस्त्री एकेक रिंग उजेडात धरून बघायचा, पुसायचा, परत ठेवायचा, आणि मग चहा मागायचा.

मावशी वॉकरवर उभी राहून चहा करायची आणि त्याच्याकडे बघायची. तीस वर्षं हा माणूस तिच्या आधी घराबाहेर पडत आला. निवृत्त झाला तेव्हा ती दिवसभर दुकानात, हा दिवसभर खाली एकटा, रेडिओशी भांडत. आता घर भरलेलं होतं. कुणीतरी ऐकायला होतं, पाना हातात द्यायला होतं. त्याला गाडी नीट व्हायला हवी होती, यात खोट नव्हती. पण ती लवकर नीट व्हावी असं त्याला वाटत होतं का, हे तिला सात महिन्यांत कळलं नाही. तिने विचारलंही नाही, कारण उत्तर काय येईल याची तिला भीती होती.

दुकानमालक भला माणूस. सात महिने थांबला. शेवटी फोन करून म्हणाला, मावशी, मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण रोज येऊन बसतो हो. सोमवारी अकरापर्यंत तुम्ही स्वतः येऊन शटर उघडलंत तर दुकान तुमचं. किल्ली मिस्त्रींच्या हाती पाठवून चालणार नाही, तुम्ही दिसायला पाहिजेत.

शुक्रवारी मिस्त्रीने मागचा क्लच उघडला आणि मटकन खाली बसला. या गाडीला दोन क्लच असतात. पुढचा इंजिनावर, मागचा चाकांच्या दांड्यावर, मधे रबरी पट्टा. मागच्याच्या पोटात एक उतरणीसारखा धातूचा तुकडा असतो. चढावर भार आला की तो तुकडा दोन्ही तबकड्या दाबतो आणि पट्टा घट्ट धरतो. त्या उतरणीवर वीस वर्षांत खोल चर पडला होता. पट्टा धरणार कुठून, सुटणारच. तुकडा मिळत नव्हता, गाडीच बनायची थांबली होती. लेथवाला म्हणाला, करून देतो, पंधरा दिवस लागतील.

मिस्त्रीने हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात दुःख होतं, पण मावशीला त्यात कुठेतरी आराम ऐकू आला. तिने तो तुकडा हातात घेतला, चष्मा लावला आणि कापडाचा पोत बघावा तसा बोटाने फिरवून बघितला. एक बाजू खरखरीत. दुसरी बाजू गुळगुळीत, नवीकोरी. ही अशी कशी, तिने विचारलं. ती बाजू रिव्हर्सची, मिस्त्री म्हणाला. मागे जाताना इंजिनच उलटं फिरतं, तेव्हा भार या बाजूला येतो. पण साहेबलोक मागे जातात किती, हातभर. म्हणून झिजली नाही.

मावशीने आयुष्यात शेकडो कॉलरी उलटवल्या होत्या. वरची बाजू विरली की टाके उसवायचे, कॉलर पालथी करायची, परत शिवायची. शर्ट आणखी पाच वर्षं जातो. तिने तेच सांगितलं, हा उलटवून बसवा. मिस्त्रीने समजावलं, खाच एकाच बाजूला आहे, उलटा बसणार नाही.

"मग गाडीच उलटी चालवा," मावशी म्हणाली.

मिस्त्रीला तो विनोद वाटला. मग कळलं की विनोद नाही. शनिवार दोघांच्या भांडणात गेला. तो म्हणाला, तीस वर्षं मी ड्रायव्हरांवर ओरडलो की रिव्हर्समध्ये चढ चढू नका. वर सगळे मला ओळखतात, हसतील. शिवाय रिव्हर्सला भोंगा वाजतो. ती म्हणाली, वाजू दे. तो म्हणाला, ओढणाऱ्या मागच्या चाकांवर वजन नाही, घसरेल. ती म्हणाली, मागच्या फळीवर माझं शिलाई मशीन बांधा, नाहीतरी ते न्यायचंच आहे. रविवारी सकाळी त्याने क्लच जोडायला घेतला, आणि तो वेगाने कसं काम करू शकतो हे तिने सात महिन्यांत प्रथमच पाहिलं.

सोमवारी साडेदहाला दोघं बसली. गाडीचं तोंड घराकडे, पाठ चढाकडे. मिस्त्रीची मान मागे वळलेली, ओठ घट्ट. त्याने वेगाचं पेडल दाबलं. इंजिन खोकलं, निळा धूर आला, भोंगा पीं-पीं करू लागला आणि गाडी मागे सरकली. पट्ट्याने धरलं. मावशीच्या डोळ्यांसमोर दार लहान होऊ लागलं. मग खिडकी. बाहेरून ती किती इवलीशी होती.

वळणावर मिस्त्री बिचकला आणि त्याने पाय उचलला. या गाडीचं असं की पाय उचलला की इंजिनच बंद. भोंगा थांबला. गाडी खाली, घराकडे सरकू लागली. त्याने ब्रेक दाबला. बांधलेल्या मशीनची दोरी कुरकुरली.

मिस्त्री हळूच म्हणाला, जाऊ या का खाली, पुन्हा बघू.

मावशीने वॉकरच्या पायाने त्याचा बूट ब्रेकवरून बाजूला सरकवला आणि दाबला. ब्रेकवर नाही, पेडलवर. इंजिन ओरडलं. त्यानंतर मिस्त्रीने पाय उचलला नाही.

वर पोचली तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. नर्स थांबली, पोस्टमन थांबला, कव्हरवाला पिशव्या घेऊन तिथेच उभा होता, तोही हसला. मावशी उतरली, वॉकर टेकत गेली, कुलूप उघडलं, आणि शटर एकटीने जमेना म्हणून दुकानमालकाने खालून हात लावला. आत धूळ होती आणि सात महिन्यांपूर्वीचा एक अर्धा शिवलेला सदरा.

मिस्त्री दारात आला. लोक गाडीभोवती जमले होते, कौतुक करत होते, त्यामुळे त्याला पुन्हा हुरूप आला होता. पट्टा थोडा गरम झालाय, म्हणाला, आणि हे उलटं येणं काही बरं दिसत नाही. उद्या परत सगळं खोलतो, तुकडा लेथवर देतो, एकदा सरळ केली की मग बघायला नको. तोवर चार दिवस तू घरीच राहा.

मावशीने सदऱ्यावरची धूळ झटकली, सुईत दोरा ओवला आणि वर न बघता म्हणाली, "खोला की. पण रोज सकाळी मला इथे सोडून मग खोला, आणि संध्याकाळी सहाच्या आत जोडून न्यायला या. नाही जोडली, तर मी इथेच झोपेन, तुम्ही खाली झोपा."